श्राद्धपक्षाचा भाव

वडिलांच्या, गोविंदरावांच्या, श्राद्धाला निरुपमा आजवर कधी उशिरा आली नव्हती. अकरा वर्षं दरवर्षी दशमीला सकाळी आठच्या आत ती बडोद्यात सुभानपुऱ्याला भावाच्या बंगल्यात हजर असायची आणि पदर खोचून वड्यांचं पीठ मळायला बसायची. आज साडेअकरा वाजले तरी तिची रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. रिक्षावाला कुरकुरत होता आणि ती आत बसून मांडीवरचा बानाखताचा मसुदा तिसऱ्यांदा वाचत होती.

बानाखत म्हणजे फ्लॅट विकायचा करार. चार वाजता वकिलाकडे सही करायची, पंधरा लाखांचा चेक घ्यायचा आणि उद्या दुपारच्या आत अहमदाबादच्या हॉस्पिटलात डिपॉझिट भरायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी ऑपरेशन होतं. तिच्या नवऱ्याला, सुभानरावांना, तिचीच किडनी बसवायची होती. दोन वर्षं डायलिसिसवर काढलेल्या माणसाचं अंग आता साथ देईनासं झालं होतं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, ही तारीख गेली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि दोन महिन्यांची खात्री मी देत नाही. बँकेने दोघांची वयं बघून हात वर केले होते, दागिने गेल्या वर्षीच गेले होते. उरला होता तो कारेलीबागेतला फ्लॅट.

साठ लाखांचा फ्लॅट, आणि समोरच्या पार्टीने देऊ केले होते साडेपंचावन्न. "बेन, श्राद्ध चाले छे ने," दलाल नयनाबेन फोनवर म्हणाली होती. "या पंधरा दिवसांत कोणी वीट पण नाही विकत घेत. या पार्टीला तिथीबिथीचा वहेम नाही, पण साडेसात टक्के कापूनच बोलते."

साडेसात! दुसरा कुणी असता तर लाख-दोन लाख कमी करा म्हणाला असता, फार तर चार वेळा फोन करून पाच लाखांचा गोल आकडा म्हणाला असता. टक्का लावतं कोण, आणि तोही अर्ध्यासकट? शिवाय ते सहावं कलम: अंतिम दस्त दसऱ्यानंतर, आणि घेणारा सांगेल त्याच्या नावे. म्हणजे आज पंधरा लाख देऊन करार खिशात घालायचा, सहा दिवसांनी घट बसले, भाव चढला, की तोच करार बासष्टच्या हिशेबाने तिसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. ही चाल निरुपमा ओळखत होती. न ओळखून सांगते कुणाला! एकोणीस वर्षांपूर्वी तिनेच ती कागदावर मांडून दिली होती, वसंतदादाला.

तेव्हा ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. गोविंदराव कोठी कचेरीबाहेर तीस वर्षं दस्तावेज लिहीत बसले, आणि लिहिलेल्या प्रत्येक दस्ताचा भाग, भाव आणि तिथी त्यांनी डायरीत टिपून ठेवली. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या डायऱ्या निरुपमाने दोन उन्हाळी सुट्ट्यांत कॉम्प्युटरवर चढवल्या आणि निघालेला आकडा बघून भाऊ-बहीण दोघंही हरखले. श्राद्धपक्षात भाव साडेसात टक्के उतरतो. कमुरत्यात, म्हणजे संक्रांतीच्या आधीच्या त्या महिन्यात, पाच टक्के. नवरात्र ते दिवाळी चढता, मार्चअखेरीला पुन्हा थोडा चढता. सगळं बडोदं मुहूर्त बघून घर घेतं, मग आपण मुहूर्त नसताना घ्यावं आणि मुहूर्तावर विकावं. एवढ्याशा गोष्टीवर वसंताने दलालीतून बिल्डरकी उभी केली आणि हा बंगला बांधला.

"बेन, उतरायचं का पाछा जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं. ती उतरली.

आत गुरुजी जेवून गेले होते आणि घरच्यांची पानं मांडली होती. मोहनावहिनी खिरीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि नणंदेला बघून थबकली.

"आलात? मी म्हटलं, भाऊजींना काही जास्त झालं की काय."

"बरे आहेत. विहंग बसलाय वडिलांजवळ."

"ये, बस निरू," वसंत पाटावरून म्हणाला. चौसष्टाव्या वर्षीही पितांबरात तो नवरदेवासारखा ताठ बसायचा. शेजारी त्याचा मुलगा उत्कर्ष, ताटाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल. समोर खुर्चीवर आई. कांचनबाईंना आता खाली बसवत नव्हतं. निरुपमा आईच्या पायाशी मांडलेल्या पानावर बसली. अळूचं फदफदं, आमसुलाची चटणी, वडे, सगळं बाबांच्या आवडीचं होतं.

"चारपर्यंत पोचशील ना वकिलाकडे?" वसंताने कोशिंबीर वाढून घेत विचारलं. "आज ट्रॅफिक फार आहे."

निरुपमाचा हात ताटातच राहिला. "सही आज चारला आहे, हे मी तुला कधी सांगितलं?"

"नयनाबेन म्हणाली."

"आणि पार्टी कोण, तेही म्हणाली असेल."

"दलाल नावं सांगत हिंडतात का, निरू? असेल कुणी पटेल-बिटेल. तू जेव आधी."

"मसुद्यात कुणा जिगर पटेलांचं नाव आहे. उत्कर्ष, तुझ्या त्या पार्टनरचं नाव काय रे?"

उत्कर्षने वडिलांकडे बघितलं. उत्तर दिलं ते कांचनबाईंनी, आणि अगदी सहज दिलं.

"अगं, असं कोड्यात काय बोलताय दोघं? उत्कर्षच घेतोय ना फ्लॅट. मला काल सांगितलं त्याने. म्हटलं, बरं झालं बाई, घरातली वस्तू घरात राहिली. तुला ठाऊक नाही?"

मोहना पळीभर खीर घेऊन तशीच उभी राहिली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "नाव तरी सांगायचं होतं त्यांना."

निरुपमाला आधी राग आलाच नाही. आली ती लाज, भावाची. आणि तिच्या मागोमाग असा संताप आला की तिचे कान तापले.

"गोकुळाष्टमीला मी ह्याच हॉलमध्ये तुझ्यासमोर पदर पसरला, दादा. दहा लाख दे म्हटलं, वर्षभरात फ्लॅट चांगल्या भावाने विकून फेडते. तू काय म्हणालास? पैसे अडकलेत, भायलीच्या साईटवर. चहा पाजून वाटेला लावलंस. मग आज हे पंधरा लाख कुठून सुटले?"

"उसने देणं वेगळं आणि खरेदी वेगळी," वसंत शांतपणे म्हणाला. हा शांतपणा त्याने धंद्यात कमावला होता. "उसने दिले असते तर उद्या मागायला मला जीभ रेटली असती का? बहिणीकडे?"

"आणि साडेसात टक्के कापायला रेटली!"

"बाहेरच्याने दहा कापले असते. बारा कापले असते. दोन दिवसांत पंधरा लाखांचा चेक फाडणारा दुसरा माणूस या पंधरवड्यात बडोद्यात दाखव मला. दाखव ना! तुझं काम अडू नये म्हणूनच मी पोराला पुढे केलं."

"मग साठ द्यायचे होते."

"श्राद्धात साठ कोण देतो, आत्या?" उत्कर्षला राहवलं नाही. पस्तिशीचा हा पोरगा तिच्याच मांडीवर बेरजा शिकला होता. "तूच सांगायचीस ने, भाव घराला नसतो, तारखेला असतो. तुझं ते वाक्य मी सगळ्या स्टाफला ऐकवतो. आम्ही काय वेगळं केलं?"

"तू गप बस," मोहना मुलावर खेकसली. "आत्याशी बोलतोयस, गिऱ्हाइकाशी नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "त्या बिचाऱ्या शुक्रवारी पोट फाडून घेणार आहेत, आणि तुम्ही त्यांचे साडेचार लाख कापता? काही वाटतं का?"

आता वसंताचाही आवाज चढला. "हा बंगला कशावर उभा आहे, माहीत आहे ना? माणूस बघून भाव ठरवत बसलो असतो तर अजून फतेगंजच्या दोन खोल्यांत असतो आपण!"

कांचनबाईंनी दोन्ही हात वर केले. श्राद्धाच्या दिवशी पानावर भांडणं म्हणजे त्यांना नवऱ्याचा अपमान वाटत होता, आणि त्यांचं मन नेहमीसारखं लेकाच्या बाजूने तोडगा शोधत होतं. "पुरे! वसंता, कापलेत ते कापलेत. धंद्यात तू मागे फिरू नकोस. पण भाऊबीजेला ते साडेचार लाख हिच्या ताटात ओवाळणी म्हणून घाल. झालं! तुझा व्यवहारही राहिला आणि हिचा मानही राहिला."

"घालतो की!" वसंत लगेच म्हणाला. त्याचा चेहरा चक्क उजळला. "वर एक पैठणी घालतो. बास?"

मोहनानेही सुस्कारा सोडला. तिला भांडण मिटलेलं हवं होतं. "घ्या निरूताई. महिन्याभराचाच तर प्रश्न आहे. भाऊ हातचं राखून देत नाही तुम्हाला."

म्हणजे आत्तापर्यंत बाजूने बोलणारी तीही पलीकडे गेली. सगळ्यांचे चेहरे निवळले, वाटी सरकली, वडे पुन्हा फिरू लागले. आपलेच पैसे आपल्याला ओवाळून मिळणार, आणि वर आपण दादाची आरती करायची! ताट भिंतीवर भिरकावून निघून जावं असं निरुपमाला वाटलं. पण शुक्रवार होता. सुभानरावांचे सुजलेले पाय होते. भिरकावून कुठे जाणार होती ती?

तिने पानावरच पाण्याने हात धुतला आणि उठली. "उत्कर्ष, माझा तो तक्ता अजून ठेवतोस?"

"ठेवतो म्हणजे? रोज वापरतो. आपल्या स्वतःच्या सौद्यांचा वेगळा केलाय, तू दिल्यानंतरचा. विकणाऱ्याच्या नावासकट."

"आण इकडे."

"जेवताना कशाला हे नाटक?" वसंत म्हणाला.

"गणित चुकलंय माझं, दादा. दुरुस्त करते आणि जाते."

उत्कर्षने लॅपटॉप आणून सोफ्यासमोरच्या टीपॉयवर उघडला. तारीख, तिथी, भाग, विकणारा, घेणारा, भाव. ओळीखाली ओळ, सगळं नीटनेटकं, तिनेच आखून दिलेलं. निरुपमाने चष्मा पुसला. "भावापुढे आणखी एक रकाना घाल. वर लिही, विकण्याचं कारण."

"म्हणजे?"

"म्हणजे कारण! लिही आजचं. कारेलीबाग, भाद्रपद वद्य दशमी, साडेसात टक्के कमी. कारण, नवऱ्याची किडनी."

उत्कर्षने लिहिलं नाही. तेव्हा तिनेच एका बोटाने टाइप केलं.

"तीस वर्षं मी पोरांना शिकवलं," ती म्हणाली, आणि ती कुणाला सांगत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं, "की आकडे आले की आधी विचारा, हे कुणाचे आकडे आहेत. स्वतः मात्र विचारलं नाही. पितृपक्षामुळे भाव पडतो, असं मी ठोकून दिलं. कसला पडतो! ज्याला थांबता येतं तो दसऱ्यापर्यंत थांबतो. या पंधरा दिवसांत घर विकायला येतो कोण? ज्याला थांबताच येत नाही तो. हे साडेसात टक्के पितरांचे नाहीत, दादा. अडलेल्या माणसाचे आहेत. आपण तिथी बघून घरं घेतली नाहीत, माणसं अडलेली बघून घेतली. सांग, ही गेल्या वर्षीची गोत्रीची ओळ. कारण काय?"

"मला काय माहीत?"

"असं कसं, वसंता?" आई खुर्चीवरून म्हणाली. कुणाच्या घरात काय चाललंय ते लक्षात ठेवण्याची त्यांना जन्माची खोड होती. "तो रेल्वेतला गृहस्थ ना? जावयाने लेकीला घरी पाठवली होती आणि कोर्टकचेरी चालू होती. तूच सांगितलंस मला."

"आणि त्याच्या आधीची, वाघोडिया रोडची?"

"तिथला म्हातारा पडला होता. मांडीचं हाड."

निरुपमा लिहीत गेली. आई सांगत गेली, आधी उत्साहाने, मग जरा अडखळत, मग हळू आवाजात. वसंताने दोनदा "आई!" म्हणून बघितलं. मोहना पातेलं तसंच हातात धरून सोफ्यामागे येऊन उभी राहिली होती आणि वाकून वाचत होती.

"ही कुठली ओळ?" तिने एकाएकी विचारलं. "माणेजा, टेनामेंट, कमुरता. विकणारा पिलाजीराव. हा कुठला पिलाजीराव?"

उत्कर्षने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"उत्कर्ष, मी विचारते. हा तुझा मामा आहे?"

"मम्मी, नऊ वर्षं झाली त्याला..."

"मकरपुऱ्याची त्याची कंपनी बंद पडली त्या वर्षी," मोहना म्हणाली. ती बोलत होती निरुपमाशी, बघत होती नवऱ्याकडे. "आठ महिने पगार नव्हता. पोरींची फी राहिली होती. मला म्हणाला, ताई, भाऊजींकडे शब्द टाक, घर गहाण ठेवून घ्या पण विकायला लावू नका. मी टाकला शब्द. तुम्ही काय म्हणालात आठवतं? पैसे अडकलेत म्हणालात."

"मोहना, तो कुठेतरी विकणारच होता. मी नसतं घेतलं तर..."

"राजकोटच्या पार्टीने घेतलं असं सांगितलं होतं त्याला. अजून तो भाड्याच्या खोलीत राहतो. दर दिवाळीला तुमच्या पाया पडायला येतो, अहो! येताना पेढे आणतो!"

तिने खिरीचं पातेलं टीपॉयवर आपटलं, दूध सांडलं ते लॅपटॉपपर्यंत गेलं, आणि ती झोपण्याच्या खोलीत निघून गेली. कडी लागल्याचं सगळ्यांनी ऐकलं. वसंत पानावरून उठला, दारापर्यंत गेला, दोनदा हाक मारली आणि परत आला. पितांबराचा सोगा त्याच्या हातात तसाच होता आणि पहिल्यांदाच तो म्हातारा दिसत होता.

"समाधान झालं तुझं?" तो बहिणीला म्हणाला. "बाबांच्या श्राद्धाला माझं घर फोडलंस."

"मी चारला वकिलाकडे येते," निरुपमा म्हणाली. "साडेसात कापूनच सही करते. सुभानरावांसाठी करते, तुझ्यावर उपकार म्हणून नाही. भाऊबीजेचं मात्र मनात ठेवू नकोस. ओवाळायला भाऊ लागतो."

"निरू!" आई कळवळून म्हणाली. "असं तोडून बोलू नये गं."

"तुटलं तेव्हा तुला बरं वाटलं होतं, आई. घरातली वस्तू घरात राहिली म्हणालीस."

कांचनबाई रडू लागल्या. निरुपमालाही रडू येत होतं, पण ते इथे नको होतं. तिने पर्स शोधली. टीपॉयशी उत्कर्ष लॅपटॉपवरचं दूध रुमालाने टिपत होता. त्याच्या आईने आत कडी लावून घेतली होती, बाप भिंतीकडे बघत होता, आणि हे सगळं एका आत्याने केलं होतं. त्याने स्क्रीन सगळ्यात वर सरकवली आणि मान न उचलता म्हणाला,

"आत्या, पहिली ओळ राहिली."

"कुठली?"

"एकोणीस वर्षांपूर्वीची. तक्ता झाल्यावरचा पहिला सौदा. भाद्रपद वद्य दशमीच्या मागेपुढेच आहे. कारेलीबाग. विकणारी शलाका दिघे, घेणारी निरुपमा." आता त्याने मान उचलली. "साडेसात नाही, आठ टक्के कमी दिलेस तू. कारण काय लिहू?"

निरुपमा उभी होती ती सोफ्याच्या कडेवर टेकली. शलाका दिघे. तिशीची असेल. पिवळी सुती साडी, आणि रिकाम्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा उपटत होती. घर दाखवताना ती काहीच घासाघीस करत नव्हती, म्हणून निरुपमाला केवढा आनंद झाला होता! जाताना दारात एवढंच म्हणाली होती, ताई, दस्ताला नवरात्र लागेपर्यंत थांबाल का, थोडे दिवसच तर आहेत. आणि निरुपमा हसून म्हणाली होती, छे हो, आम्हाला फार घाई आहे. घाई कसलीच नव्हती. त्या संध्याकाळी तिने आणि सुभानरावांनी न्यायमंदिराजवळ भजी खाल्ली होती आणि आपला आकडा बरोबर निघाला म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या.

तिचा नवरा कुठे होता? पोरंबाळं होती? घर सोडून ती गेली कुठे? एकोणीस वर्षं त्याच घरात राहून निरुपमाच्या मनात हे कधी आलं नव्हतं.

"काय लिहू, आत्या?" उत्कर्षने पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"लिही," ती म्हणाली, "विचारलं नाही."

त्याने लिहिलं. तिने पर्स उचलली आणि सहीला जायला निघाली.